पट मागच्या खोलीत

मुलीने एक ओळ टाइप करून एंटर दाबलं आणि दुसऱ्या शहरात, तारमास्तरांच्या पडद्यावरून बुद्धिबळाचा पट नाहीसा झाला. लगेच फोन वाजला.

तारमास्तर म्हणजे तिचे वडील. तारखातं बंद होऊन जमाना लोटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते पुढच्या खोलीत संगणकाशी बुद्धिबळ खेळत बसत आणि खुर्ची काही सोडत नसत. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालला नाहीत तर गुडघा आखडेल, मग पुन्हा भूल देऊन तो वाकवावा लागेल. आईने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मुलीने फोनवर आपला बेत सांगितला. प्रोग्राम एका संगणकावर चालवायचा आणि त्याची खिडकी भलत्याच संगणकाच्या पडद्यावर उघडायची, हे एका ओळीत जमतं. चाल टाइप करायची पुढच्या खोलीत, काळ्या पडद्यावर. पट मात्र दिसणार मागच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर. म्हणजे दर चालीला घरात एक फेरी.

तारमास्तरांनी आईला मागे पिटाळलं. तिथेही पट नव्हता. मुलीने समोर पाहिलं, तर तो तिच्याच भाड्याच्या खोलीत, तिच्याच पडद्यावर उघडला होता. ओळीतला पत्ता चुकला होता.

“मग आता दर चालीला तुझ्या गावापर्यंत चालत येऊ का?” तारमास्तरांनी विचारलं.

तिने ओळ दुरुस्त केली. पुढचे काही दिवस छान गेले. चाली आणि त्यांच्या वेळा तिला इकडून दिसत. दोन चालींमध्ये भरपूर वेळ जाई, म्हणजे काठी टेकत जाणं-येणं होत होतं. मग एका सकाळी चाली पटापट पडू लागल्या. तारमास्तरांनी तोड काढली होती. आईला त्यांनी मटार सोलायला पटासमोर बसवलं होतं. काय हललं ते ती तिथून ओरडून सांगे. खेळ चालू असताना बायकोने शेजारी बसावं पण बोलू नये, हा संसारातला सगळ्यात जुना नियम त्यांनी स्वतःच गुंडाळून ठेवला होता.

तू त्यांना सामील झालीस, असं मुलीने आईला सुनावलं. आईचं उत्तर तयार होतं. ते म्हणाले बस, म्हणून ती बसली. तिला त्या खेळातलं काय कळतंय, घोडा तेवढा तोंडावरून ओळखू येतो.

दुसऱ्या दिवशी वेळा पुन्हा लांबल्या. पहिल्यापेक्षाही. मुलीला काही उमगेना, तिने आईला फोन लावला. आईने तो खांद्याशी धरून शेंगा सोलणं चालूच ठेवलं. तेवढ्यात संगणकाची चाल आली: काळं प्यादं एक घर पुढे.

“अहो, वजीर तुमच्या राजाच्या बगलेत येऊन बसलाय,” आईने हाक दिली.

शक्यच नाही, असं पुढच्या खोलीतून ऐकू आलं. मग खुर्ची सरकली आणि मागोमाग काठी.

“आई, प्यादं हललंय. वजीर जागचा हललेला नाही.”

“चष्मा नाही गं डोळ्यावर.”

मुलीने आपल्या पडद्यावर तोच पट मांडला, काळा वजीर उचलून आईने सांगितलेल्या घरात ठेवला आणि पुढच्या चाली लावून पाहिल्या.

“तो खरंच तिथे आला असता, तर बाबांवर तीन चालींत मात होती.”

शेंगांचा आवाज थांबला.

“दोन,” आई म्हणाली. मग आवाज अगदी खाली आणून, “त्यांना कळता कामा नये हं. गुडघा अजून पुरता वाकत नाही.”

काठी मागच्या खोलीत पोचली. कुठाय वजीर, असं कुणीतरी धापा टाकत विचारलं.

“अगं बाई, प्यादं होय ते,” आई म्हणाली आणि फोन बंद झाला.