दाराखालून न जाणारा खंड

सुपरहिरोचं कॉमिक. नवा अंक. पातळ, दोन पिना मारलेला.

"माझं मत सांगते, ऐक," नीवेस बंद दाराला म्हणाली. "एवढा दांडगा बाप्या, विजारीवर चड्डी घालतो, आणि अख्खं शहर पाडून ठेवलं. आता झाडायला कोण येणार? ह्याची आई?"



तिने अंक दाराखालच्या फटीतून आत सरकवला. बऱ्याच वेळाने तो तसाच बाहेर ढकलला गेला.

म्हणजे आहे. अजून आहे. नीवेसने तो अंक छातीशी धरला.

वसंतात सामूएले अंकोनाच्या बंदराच्या रस्त्यावर स्कूटरच्या अपघातात गेला. तेव्हापासून त्याचा जिवलग मित्र, नीवेसचा मुलगा देनिस, ह्या खोलीत. आधी निदान ती कामाला गेली की ताट रिकामं व्हायचं. रविवारपासून तेही नाही. हरभऱ्यांचा पास्ता जसा ठेवला तसा, वर पापुद्रा धरलेला. सकाळीच नणंद लोरेदाना फोनवर कडाडली होती, "वहिनी, पुरे झाले लाड. उद्या बंबवाल्यांना घेऊन येते. दार तोडू."

खोली चौथ्या मजल्यावर होती. दार तुटायला लागल्यावर देनिस कुठल्या बाजूला पळेल, हा विचार नीवेस पुरता करतच नव्हती.

जपानी कॉमिक. खंड तिसरा, की चौथा. गुलाबी.

"ह्यात आधी चुंबन, मग ओळख! शेवटी तर पोरगी त्याला नावसुद्धा सांगत नाही. हल्लीची पोरं, बाई. तुझ्या बापाने निदान नाव विचारलं होतं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं."

ती हसली, आणि हसता हसता कपाळ दारावर टेकलं.

ही पुस्तकं इवोच्या कॉमिक्सच्या दुकानातली. तिथे नेहमीच्या गिऱ्हाइकाचा भिंतीत एक खण असतो, नावाची पट्टी लावलेला. महिन्याचे नवे खंड त्यात पडत राहतात. देनिस आणि सामूएलेचा एकच खण होता. एकाने जपानी घ्यायचं, दुसऱ्याने सुपरहिरो, मग अदलाबदल, मग भांडण. "खण ओसंडतोय," इवो म्हणाला होता, "पण पट्टी काढायला हात धजत नाही. काय भांडायचे! एकाने चांगलं म्हटलं की दुसरा म्हणणार, शेण आहे."

तेवढ्यावर ती मासळीच्या पिशवीत भरून सगळं घेऊन आली होती. शेण तर शेण म्हण, पोरा. बोल फक्त.

जपानी. शेवटचा खंड. विटेएवढा जाड.

हे तिने जमिनीवर बसून वाचलं. मग नाक पुसलं.

"देनिस, हे चांगलं आहे रे. सुरुवातीला तो पोरगा पेटीत असतो, सगळे काळ्या कपड्यांत. मग हळूहळू उठतो. रक्त परत अंगात जातं. आई दारात उभी असते, तर हा तिच्याकडे येतो. आणि शेवटी दोघं मित्र बंदराच्या बांधावर कलिंगड खात भांडतात. बस्स, तिथेच संपतं. ज्याने लिहिलं त्याचं भलं होवो. मेलेला उठून जेवतो रे, देनिस."

आत काहीतरी पडलं.

"उलटं वाचलंस." आवाज गंजलेला. "जपानी उजवीकडून वाचतात, आई."

 नीवेसने हातातलं पुस्तक फिरवलं. कलिंगड. दार. रक्त. पेटी.

"म्हणजे तो मरतो," देनिस म्हणाला.

"नाही रे, मी मूर्ख बाई, मला काय—"

"सामू म्हणायचा, मरणार. मी म्हणायचो, शेण, लेखकाची हिंमतच नाही. जिंकला हरामखोर."

मग तो हसला की रडला, तिला कळलं नाही. त्यातच खिडकीची कडी वाजल्यासारखं वाटलं, आणि तिने दारावर दोन्ही तळवे आपटले.

"देनिस! पुस्तक हवं ना? हे घे!"

"सरकव."

तिने सरकवलं. फटीत कोपराही शिरेना.

"जात नाही. जाड आहे. उघड."

आतला बोल्ट हलला नाही.

"मग फाडते. एकेक पान आत टाकते. पेटीच्या बाजूने सुरू करते." तिने कव्हर ओढलं. डिंक करकरला.

"फाडू नकोस!" तो ओरडला. "आई, वेडी झालीस का? कणा मोडशील त्याचा!"

बोल्ट सरकला. वीतभर फट. त्यातून हात आला, नखं वाढलेला, काडीसारखा, आणि त्याने पुस्तक पकडलं.

देनिसने ओढलं. नीवेसने सोडलं नाही.

"सोड."

"नाही."

"आई, सोड ना."

"हात तोडलास तरी नाही."

दोघंही तसेच, मधे पुस्तक. जिन्यातून कुणाच्या तरी घरी कांदा परतल्याचा वास येत होता. मग पलीकडचा जोर कमी झाला. दारामागे तो खाली बसल्याचं तिला ऐकू आलं. पण बोटं पुस्तकावरच होती.

"वाच मग," तो म्हणाला. "उजवीकडून."

तिने एका हाताने पुस्तक उघडलं. बांधावर दोन पोरं, कलिंगड. पुढे काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

"पहिला म्हणतो," तिने सुरुवात केली, "तुझी फोड मोठी आहे."