मागच्या सीटचे चार बोल्ट

दीपेशने गाडी खळ्यात उभी केली, मागचे दोन्ही दरवाजे सताड उघडले आणि पाना घेऊन आत शिरला, तेव्हा सुभद्रा ओसरीवर कुळीथ निवडत बसली होती. थोड्या वेळाने त्या मोठ्या गाडीची मागची अख्खी सीट बाहेर आली. एक बाजू सारिकाने धरली, दुसरी दीपेशने, आणि नवराबायकोने ती तुळशीजवळ नेऊन ठेवली.

गाडीत जागा उरल्या दोन. घरात माणसं तीन.

"सीट कित्याक काढलंस रे?" सुभद्राने विचारलं.

"सामान ऱ्हवाक व्हया ना, आये. ताडपत्र्यो, गाद्यो, गॅस, पाण्याचे कॅन. सीट काढली की गाडी म्हणजे निसती खोलीच!"

"आणि माणसां?"

"माणसां बसतली कशीतरी," दीपेश म्हणाला आणि सारिकाकडे बघून हसला. ते हसणं सुभद्राला आवडलं नाही.

आचरा गावाबाहेरच्या माणसाला गावपळण समजावून सांगावी लागते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं, कोणी म्हणून मागे राहायचं नाही. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची. सगळे निघतात, पेद्रूसारखे ख्रिस्ती शेजारीसुद्धा. सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, माडाच्या झापांच्या राहुट्या उभ्या राहतात, आणि मग जेवणं, भजनं, बायकांच्या फुगड्या. देवाने पुन्हा कौल दिल्याशिवाय गावात पाऊल टाकायचं नाही.

सुभद्रा लग्न होऊन आली तेव्हापासून तिची एकही गावपळण चुकली नव्हती. मागच्या वेळी सड्यावर मात्र गुडघ्यांनी दगा दिला. जमिनीवर बसली की उठवायला दोन माणसं लागत. "पुढच्या वेळी बघूया," असं तेव्हा कोणीतरी म्हणालं होतं. कोण ते तिला नक्की आठवत नव्हतं, पण सारिकाच असणार असं तिने ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी नांदगावहून लेकीचा, रश्मीचा, फोन आला. "आई, ते तीन दिवस माझ्याकडे ये गो. हंय पलंग आसा, संडास घरातच आसा. सड्यार काय करतलंस?"

"तुका कोणी सांगला फोन करूक?"

"कोणी नाय गो! सहज म्हटलंय."

सहज! या घरात कोणी सहज फोन करत नव्हतं. सुभद्रा फोन ठेवून मागीलदारी गेली, तर विहिरीपाशी दीपेश हळू आवाजात बोलत होता. "पेद्रू, परवा सकाळीच टेम्पो घेवन ये नि सीट घेवन जा. कित्याक ता आयेक मात्र कळाक नको."

म्हणजे सीट कायमचीच चालली.

सरळ विचारावं तर दीपेश काही खोटं बोलणारा नव्हता, आणि तिला भीती होती ती त्याचीच. "नाय आये, यंदा तू येव नको," असं तो तोंडावर म्हणाला तर पुढे बोलायला काय उरणार? दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेल्यावर ती गाडीपाशी गेली. सीटचे चार बोल्ट एका प्लास्टिकच्या डबीत ठेवलेले होते. तिने ते पदरात घेतले, स्वयंपाकघरात नेले आणि कुळथाच्या डब्यात अगदी तळाशी खुपसले. बोल्टांशिवाय सीट कोण घेणार? शोधाशोध झाली की तिच्याकडेच यावं लागेल. मग बोलणं निघेल, आणि काय ते त्यांच्याच तोंडून बाहेर पडेल.

पण कोणी आलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पेद्रू आला, "बरी मां, काकी?" म्हणाला, सीट टेम्पोत टाकली आणि गेला. डबी कोणी उघडूनही बघितली नाही.

इतका संशय कुठून येतो हे सुभद्राला ठाऊक नव्हतं असं नाही. तिची पहिली गावपळण झाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. माहेरून आलेली हिरवी ट्रंक होती, तिच्यात लग्नाची पातळं. गाव रिकामा पडणार, ट्रंक घरात ठेवायला तिचा जीव होईना. बैलगाडी भरताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "आयेक जागा खंय आसा?" सासू दारातच उभी होती. "बरा," एवढंच म्हणाली, आपलं गाठोडं आपणच काखेत मारलं आणि बहिणीकडे नांदगावला गेली. ट्रंक सड्यावर गेली. चौथ्या दिवशी परत आल्यावर सासूने एकच विचारलं, "फुगड्यो घातल्यात काय गो?" सुभद्रा म्हणाली, "नाय, यंदा कोणी नाय घातल्यो." घामाने भिजेपर्यंत घातल्या होत्या. पुढच्या गावपळणीला सासू नव्हती.

निघायचा दिवस उजाडला. सारिकाने एक पिशवी दाराशी वेगळी आणून ठेवली. "आई, ही तुमची. गोळ्यो वरच्या कप्प्यात आसत."

"माझी पिशी येगळी कित्याक गो?"

"हाताशी ऱ्हवांदे म्हणान."

दुपारी नगारा वाजला आणि दारं लागू लागली. गाडी काचांपर्यंत भरली होती. सारिका दोन कोंबड्यांची पाटी घेऊन स्कूटीवर पुढे गेली, आणि दीपेशने आईला हात धरून पुढच्या सीटवर बसवलं. पिशवी मांडीवर. सुभद्राला आता सगळं लख्ख दिसलं. म्हाताऱ्या माणसाला आधी नांदगावला पोचवायचं आणि मग सड्यावर जायचं.

तिठ्यावर गाडी कणकवलीच्या रस्त्याला लागली. नांदगावही त्याच रस्त्याला.

"खंय चललंस रे?"

"सड्यार."

"हो कणकवलेचो रस्तो!"

"होच रस्तो, आये. पुढे वळाचा आसा."

"दीपेश, गाडी थांबय. माका नांदगावाक जावचा नाय."

"नांदगावाक कोण जाता?"

"रश्मीन फोन केल्यान, सुनेन पिशी येगळी भरल्यान, तू सीट पेद्रूक इकलंस. मी काय खुळी आसंय? चलत जाईन, पण सड्यारच जाईन." तिने दरवाजाच्या कडीला हात घातला.

"सीट इकलंय? मी?" दीपेशने गाडी बाजूला घेतली आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाच मिनटां गप बस, आये. पाया पडतंय तुझ्या."

गाडी वळली, लाल रस्त्याने सड्यावर चढली. काजूच्या झाडाखाली आधीच उभारलेली त्यांची राहुटी होती, आणि राहुटीच्या तोंडाशी, लाकडी चौकटीवर, गाडीची मागची सीट मांडलेली होती. बाजूला पेद्रू पाना घेऊन उभा.

"ये काकी! जमनीवरसून उठवक दोन माणसां नको आता. मापात भोका पाडलंय, बोल्ट आवळले की दगडासारखी बसतली. दीपेश, बोल्ट दी रे."

दीपेशने डबी उघडली. गाडी धुंडाळली, खिसे उलटे केले. "चार होते. मीच ठेवलेलंय!"

"कुळथाच्या डब्यात आसत," सुभद्रा म्हणाली.

सगळ्यांनी खालच्या रस्त्याकडे बघितलं. वेशीपलीकडे गाव रिकामा होता, आणि तीन दिवस तिथे कोणाला जायचं नव्हतं.

"कुळथात कित्याक, आये?"

"माका इचारूक येशात म्हणान."

"काय इचारूक?"

सुभद्रा सीटची लाकडी चौकट हाताने चाचपू लागली.

"काकीन स्वताच्याच खुर्चेचे पाय लपयल्यान!" पेद्रू म्हणाला आणि काथ्या शोधायला गेला.

"आधी सांगाचा नाय?" ती लेकावर डाफरली.

"सांगला असता तर 'माका नको असले चोचले' म्हणान सीट परत बसवक लावलं असतंस."

सारिका पाटीतून कोंबड्या सोडवत होती. "ताईंचो फोन माकाय इल्लो. मी नाय म्हणान सांगलंय. गावपळण सोडून आई खंय जातल्यो?"

सुभद्रा तिच्याकडे बघत राहिली.

काथ्याने बांधलेली सीट काही दगडासारखी बसली नाही. सुभद्रा टेकली की ती मागे कलायची आणि कुरकुरायची. येणारीजाणारी म्हणत होती, "काकी मोटारीत बसली गो!" उन्हं उतरली तशा बायका समोर जमल्या आणि फुगड्या सुरू झाल्या. सारिका दमून आली, सीटच्या कडेला टेकली. सीट करकरली.

"त्या वर्साकय घातल्यो होत्यो," सुभद्रा म्हणाली.

"काय, आई?"

"फुगड्यो. मी सासयेक नाय म्हणान सांगलंय."

"कधी? कित्याक?"

सुभद्राने पाय नीट केले, आणि हिरव्या ट्रंकेपासून सांगायला सुरुवात केली.