फाटक आपोआप उघडं राहिलं

माझ्या धाकट्या जावेला पाळणाघराने कामावरून कमी केल्याचं पत्र आलं, तेव्हा ती भांडी घासत होती. हात पुसून तिने ते वाचलं, पुन्हा साबणात हात घातले आणि म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं."

बरोबर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बाई तिथल्या मुलांना त्यांच्या आयांइतकी ओळखते. कोण झोपताना कानाची पाळी धरतं, कोण रडायच्या आधी खालचा ओठ बाहेर काढतं, सगळं हिच्या डोक्यात.

"दाखव इकडे," मी म्हटलं.

तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, पंख्याखाली बसल्या बसल्या म्हणाला, "वहिनी, आता तुम्ही नका फाटे फोडू. ‘मान्य आहे’ लिहून सही केली तर निदान अनुभवाचा दाखला देतील."

"आणि हिने असलं काही मान्य केल्यावर हिच्या हातात मूल कोण देणार, भावजी? तुम्ही?"

भावजींनी पंख्याकडे पाहिलं.

झालं होतं असं. एका मुलीला उलटी झाली, म्हणून जाऊ तिला धुवायला आत घेऊन गेली. त्या पाळणाघरात एक पद्धत आहे. खोली सोडणारीने मोठ्याने म्हणायचं, "खोली तुमची." दुसरीने "खोली माझी" म्हटल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. मुलं अंगणात असली, तरी शब्द हेच. त्यांनाही ते पाठ झालंय. शी करायला निघालेलं चिमुरडं बाहुलीला "खोली तुझी" असं बजावून जातं. त्या दिवशीही जाऊ ते म्हणाली होती आणि तिथल्या वयस्कर मावशींनी उत्तर दिलं होतं. तेवढ्यात एका मुलाचे वडील राहिलेली पाण्याची बाटली द्यायला आले. बाकीचे पालक घंटा वाजवून बाहेर थांबतात. हे गृहस्थ पाळणाघराच्या समितीवर, त्यामुळे फाटकाची कडी स्वतःच काढतात. बाटली दिली आणि कडी न लावताच गेले. मुलं अंगणात खेळत होती. त्यांचाच मुलगा त्यांच्यामागे फुटपाथवर पोचला. कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्याने त्याला कडेवर घेऊन परत आणलं. खरचटलंसुद्धा नव्हतं.

आता पत्र. ‘सदर सेविका मुलांना सोडून गेली. हे नियमाविरुद्ध आहे. त्याच वेळी फाटक उघडे राहिले. त्यामुळे मूल रस्त्यावर गेले. असा निष्काळजीपणा पुन्हा घडू शकतो, म्हणून तिला कामावरून कमी करण्यात येत आहे.’

वाचायला कसं गुळगुळीत! कुठे ठेच लागत नाही. मी पडदे आणि अभ्रे शिवते. नमुन्याच्या कागदावर ‘हा भाग त्याला जोडा’ असं असलं, की कोणता भाग कोणाला ते ठरवल्याशिवाय सुईत दोरा ओवत नाही. तसंच इथे केलं. प्रत्येक ‘हे’वर, ‘त्यामुळे’वर, ‘असा’वर बोट ठेवून जावेला विचारत गेले.

"‘हे नियमाविरुद्ध’. हे म्हणजे काय?"

"मी गेले ते."

"नियम काय आहे? जायचंच नाही?"

"नाही हो ताई. कोणाला न सांगता जायचं नाही."

"तू सांगितलंस?"

"मावशींना. त्या ‘माझी’ म्हणाल्या."

"मग पुढचं. ‘त्यामुळे मूल रस्त्यावर गेले’. कशामुळे?"

"फाटकामुळे." तिचा हात थांबला. "पण मग ‘असा निष्काळजीपणा’..."

"तो कोणाचा?"

 तिने नळ एवढ्या जोरात बंद केला की भावजी दचकले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी व्यवस्थापक बाईंसमोर बसलो. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, जावेच्या कामाचं कौतुक केलं, आणि सहीसाठी पेनही पुढे केलं.

"सही करेन," जाऊ म्हणाली. "आधी एकदा वाचून दाखवा. पण ‘हे’ आलं की काय ते सांगायचं. ‘असा’ आलं की कसा ते."

"अगं, कार्यालयाची भाषा अशीच असते."

"भाषा असू दे कार्यालयाची," मी म्हटलं, "नोकरी हिची आहे ना?"

बाई सुस्कारा सोडून वाचू लागल्या. "सेविका मुलांना सोडून गेली. हे, म्हणजे... न सांगता जाणं, नियमाविरुद्ध आहे." मान वर न करता त्या म्हणाल्या, "मावशींनी ते सांगितलंय मला."

"सांगितलंय तर मग पत्रात का नाही?" माझा आवाज चढला. जावेने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"फाटक उघडे राहिले. त्यामुळे, म्हणजे फाटकामुळे, मूल रस्त्यावर गेले. असा, म्हणजे... फाटक उघडं ठेवण्याचा..." बाईंनी ओळीवर पुन्हा बोट फिरवलं.

"पुढे ‘म्हणून’ आहे," जाऊ म्हणाली. "फाटक मी उघडं ठेवलं म्हणून मला काढताय?"

"तू नाही ठेवलंस. मी खिडकीत होते, मला माहीत आहे." बाईंनी पत्राची घडी घातली. "हे मी मागे घेते. तू उद्यापासून ये. झालं?"

माझ्या मते काहीच झालं नव्हतं. म्हणजे जणू वारा आला, फाटक आपोआप उघडलं, कोणाचं काही चुकलं नाही, आणि एक बाई रात्रभर स्वतःला कोसत राहिली! मी तोंड उघडणार, तोच जाऊ म्हणाली, "नाही झालं. कडी ज्यांनी लावली नाही, त्यांना सांगा. ते उद्याही ती तशीच ठेवतील."

"ते समितीवर आहेत गं. असं कसं लिहू मी?"

"लिहू नका. फोन करा. मी बसते इथे."

"बाईसाहेब, तिचं ऐका," मी म्हटलं. "मूल त्यांचंच आहे."

बाईंनी फोन पुढे ओढला. मग नंबर लावला. "नमस्कार साहेब. ते परवाचं जरा बोलायचं होतं..."

"फाटक म्हणा," जाऊ म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "फाटकाचं, साहेब. परवा बाटली द्यायला आलात तेव्हा... नाही, सेविकेने नाही. तुम्ही कडी लावली नाहीत. तुम्ही, साहेब."