दोन चौकोनांचा कागद

अक्का पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. बावीस वर्षं. शिकलेली चौथी नापास, पण तिनं धुतलेल्या बाटलीत बघून साहेबांनी भांग पाडावा, अशी लखलखीत.

तिच्याच गल्लीतल्या टाकीचं पाणी तपासायला आलं आणि स्वच्छ निघालं. इकडं घरात नात उलट्या-जुलाबानं चिपाड झालेली. चार दिवस संशयावरून टाकीचा नळ बंद होता, आता तपासणीचा कागद निघाला की उघडणार. शेवटी तिनं तोंड उघडलं.

"साहेब, पोरीला पहिली उलटी झाली तेव्हा घरून फोन आला. घाईत ह्या टाकीच्या पाण्याची बाटली ब्लीचच्या पाण्यातून काढली अन् विसळायची राहिली."

साहेबांचा चहा हातातच राहिला. "अक्का! जंतू बाटलीतच मेले असणार. मग आम्ही काय भुतं मोजली?"

"काढा मला कामावरून. पण पुन्हा तपासा."

"तुला काढून बाटल्या मी धुऊ?"

माणूस भला. स्वतः बाटली उकळली, स्वतः टाकीवर गेले. जन्मात पहिल्यांदा अक्काला वाटत होतं, चूक आपलीच निघू दे.

नाही निघाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जंतू शून्य.

"मग माझी नात काय नाटक करते?"

साहेब चष्मा पुसत बसले. "आम्ही एकाच जातीचा जंतू शोधतो, अक्का. तो नाही. दुसरं काही असलं तर ते धरायचं यंत्र आपल्याकडं नाही. नाहीतर पाणी चांगलंच असेल, पोर भलत्याच कशानं आजारी असेल."

"मग तसंच लिहा की."

"कागदावर चौकोन दोनच. योग्य, अयोग्य. 'ठाऊक नाही'ला जागा नाही."

'योग्य'वर खूण करून त्यांनी तिच्याकडं न बघता कागद पुढं सरकवला.

गल्लीत बाया बादल्या घेऊन उभ्याच होत्या.

"अक्का, चांगलंय ना गं पाणी?"

"कागद चांगलं म्हणतो."

"कागद गेला खड्ड्यात. तू सांग."

"मला नाही ठाऊक, बायांनो. उकळून प्या."

"बावीस वर्षं तिथं काय माशा मारल्यास?" शेजारीण फणकारली. हशा झाला, नळ सुटला.

इतके दिवस लांबून पाणी वाहून अक्काचेही खांदे गेले होते. तिनंही बादली लावली. घरी पातेलं चुलीवर चढवलं. पाण्याला उकळी फुटली, पोरगी आतून "आजी, पाणी" म्हणत होती, आणि उकळलं की पुरतं का, हे साहेबांना विचारायचं राहूनच गेलं होतं. अक्का पातेलं उतरवीना.