तोंडातल्या टाचण्या

सासूबाईंनी स्वतःसाठी शिवलेला गाऊन जमिनीवर लोळायला लागला, तेव्हाच खरं तर सुनेच्या लक्षात यायला हवं होतं. पण सासूबाईंना सगळी मापं तोंडपाठ, स्वतःचंही. चूक होणं शक्यच नव्हतं. दोघींनी कापडाला दोष दिला आणि विषय संपवला. बाई आखूड झाल्या असतील, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मग एका सकाळी कापडाचा तागा उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली आणि ती ठाण मांडून बसली. कापायच्या टेबलाशी उभं राहणं सुटलं. दोघींच्या शिवणाच्या दुकानाचं सगळं कापणं त्यांच्या हातचं, सुनेकडे फक्त मशीन. "माझ्या कात्रीला हात लावलास तर याद राख," असं त्या अंथरुणातून बजावत. कापडं मात्र साचत चालली.

एक्स-रेत दोन मणके चेपलेले दिसले. एक जुना, केव्हाच चेपून बसलेला असणार आणि दुसरा ताजा, पण कोणता कुठला ते त्यात कळेना. पाठ न उघडता, बारीक नळीतून ताज्या मणक्यात फुगा फुगवायचा आणि झालेल्या पोकळीत हाडाचं सिमेंट भरायचं, असं डॉक्टरांनी समजावलं.

"जुन्यात भरलं तर दुखणं तसंच राहील," ते म्हणाले. कोणता ताजा, हे एमआरआयवर कळलं असतं. पण सासूबाईंच्या छातीत जुन्या पद्धतीचा पेसमेकर होता, म्हणून ते यंत्र बाद. दुसरी तपासणी दूरच्या शहरात, आणि गाडीचा धक्का त्यांना सोसत नव्हता. "आता हातानंच शोधू. तुम्ही फक्त खरं सांगा."

खरं सांगणं, हेच तर अवघड होतं.

सासूबाई पालथ्या झोपल्या. डॉक्टर अंगठ्यानं एकेक मणका दाबत खाली येऊ लागले.

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"नाही हो."

"आणि इथं?"

सासूबाईंनी नुसती मान हलवली.

"याच्या खाली?"

"नाही म्हणतेय ना! पाठ तपासताय की कणीक मळताय?"

डॉक्टर हसले. "मग चेपलेल्या दोघांतला वरचाच ताजा धरू या. जास्त चेपलेला तोच आहे." त्यांनी खूण करायला पेन उचललं.

"डॉक्टर, एक मिनिट," सून म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा आई बोलल्या नाहीत. ओठ मिटून मान हलवली."

"मग?"

"त्या तोंडात टाचण्या धरून काम करतात. बोटात सुई घुसली तरी तोंड उघडत नाहीत, टाचणी पोटात जाईल म्हणून. कुठंही दुखलं की त्यांचे ओठ असेच मिटतात."

"चहाडखोर कुठली," सासूबाई उशीत पुटपुटल्या.

डॉक्टरांनी तो तिसरा, म्हणजे चेपलेल्या दोघांतला खालचा मणका पुन्हा दाबला. सासूबाईंचे ओठ दोऱ्यासारखे झाले. सून त्यांच्या तोंडाशी वाकली.

"आई, तोंडात एकही टाचणी नाहीये. बोला."

सासूबाईंनी उशीतून तोंड थोडं वर उचललं. मग, "दुखतंय. मेलं फार दुखतंय. पण सांगितलं की तुम्ही म्हणणार, आता उभं राहायचं नाही, काम बंद."

"न सांगता कुठं उभ्या राहिलात?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खालच्या मणक्यावर खूण केली.

सिमेंट भरताना सासूबाई गुंगीत होत्या, पण जाग्या होत्या. "दुखलं की सांगा," असं डॉक्टरांनी म्हणायचा अवकाश, सासूबाईंनी अशी आरोळी ठोकली, की बाहेर बाकावर बसलेली सून दचकून उभी राहिली. आत मात्र कोणीतरी हसत होतं.

संध्याकाळी त्या भिंतीला न धरता उभ्या राहिल्या. पाठ अवघडलेली होती, सुईच्या जागा हुळहुळत होत्या. ती ठाण मांडून बसलेली कळ मात्र नव्हती. त्यांनी खाली पाहिलं. गाऊन अजूनही जमिनीवर लोळत होता.

"उंची काही परत आली नाही," त्या म्हणाल्या. "माझं नवं माप घे."

पिशवीतून टेप काढून सून गुडघ्यावर बसली आणि तिनं गाऊनची कड दुमडायला ओठांत टाचण्या धरल्या.

"काढ आधी त्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि उद्या ती साचलेली कापडं तूच कापायला घे. मी शेजारी खुर्ची टाकून बसते."