झेलायची राहिलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनं मुसळ आहे. धसईजवळच्या गावात गिरजाच्या पडवीत त्या दुपारी मी तांदूळ सडत होतं. एकदा मला गिरजा उचलायची, एकदा तिची लेक प्रेमा. प्रेमा आसनगावहून दोन दिवसांसाठी माहेरी आली होती.

"हळद कांडतं कोन गो, हळद कांडतं कोन?" गिरजानं ओळ टाकली आणि थांबली.

प्रेमानं नुसते ओठ हलवले.

"आवाज काय आसनगावलाच ठेवून आलीस गो?"

"जाऊ दे ना आये. तांदूळ सड."

"माझ्यामागं तुलाच झेलायचीय ती. दुसरी कोन झेलनार?"

दुसऱ्या सकाळी गिरजा उठलीच नाही.

मी खैराच्या लाकडाचं. धसईच्या लोहारानं मला लोखंडी कडं बसवलं. गावातल्या प्रत्येक लग्नाची हळद मीच कांडली. मला उचलताना बायका गातात. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची. शेवटची ओळ मात्र ज्या घरचं मुसळ, त्या घरच्या बाईनं एकटीनं झेलायची. तोवर मला खाली येऊ द्यायचं नाही.

गाणारीच्या गळ्यातली थरथर हातांतून माझ्यात उतरते. प्रेमाच्या हातांतून ती कधी आली नाही. लहानपणी हळदीला ती मोठ्यानं गायली, सूर चुकला, बायका हसल्या. गिरजाही हसली. तेव्हापासून ती घोळक्यात बसून ओठ हलवते. हे फक्त गिरजाला आणि मला ठाऊक होतं. मित्रांनो, तुमच्या शेजारी कुणी बेसूर गायलं, तर हसू नका.

गिरजा गेल्यावर मला माळ्यावर टाकलं. तिथे मला वाळवीची भीती वाटायची, आणि खाली चूल पेटली की त्याहून जास्त.

मग शेजारच्या रोशनीचं लग्न ठरलं आणि त्यासाठी प्रेमा पुन्हा माहेरी आली. म्हातारी बाईजा दारात आली. "गिरजाचं मुसळ काढा. आन प्रेमा, तू पन चल."

"मला नाय येत गो, काकू."

"हात तर लावशील?"

मांडवात मला आंब्याची पानं बांधली; एका बाजूनं बाईजानं धरलं, दुसऱ्या बाजूनं प्रेमानं. बाईजा ओळी टाकत गेली, बायका झेलत गेल्या. प्रेमाचे ओठ हलत होते, तळवे मात्र घामानं निसरडे झाले होते. शेवटी बाईजानं ती ओळ टाकली.

"हळद कांडतं कोन गो, हळद कांडतं कोन?"

मी वरच थांबलं. सगळ्या प्रेमाकडे बघू लागल्या. तिच्या निसरड्या तळव्यांतून मी सुटणार असं मला वाटलं.

"राहू दे काकू, स्पीकर लावतो," नवरीचा भाऊ आदेश म्हणाला.

"गप रे! लेक हाय ना इथं."

स्पीकर आला तर माझं काय? मला पुन्हा माळा दिसला. चूल दिसली. बाईजाचा हातही आता थकला होता.

आणि प्रेमाच्या हातांतून पहिल्यांदाच काहीतरी माझ्यात उतरलं. बारीक होतं, बेसूरही होतं.

"आयेची लेक गो," प्रेमा मोठ्यानं गायली, "आयेची लेक."