पेटी जुनी, माल नवा

साहेब, गुन्हेगार तुम्ही आहात. माझं झाकणसुद्धा न उघडता तुम्ही मला तुमच्या अमेरिकेत यायला बंदी केलीत. भांडण तुमचं आणि क्युबाच्या सरकारचं. शिक्षा मात्र मला रंधा मारून घडवणाऱ्या सुताराला आणि माझ्यात सिगार रचणाऱ्या बाईला. साठ वर्षं उलटून गेली. आता म्हणे तुम्हीच ती बंदी उठवणार आणि हारही तुमच्याच गळ्यात पडणार. त्याआधी माझं ऐकून घ्या. मित्रांनो, तुम्हीही ऐका, कारण साहेब ऐकतील याची मला खात्री नाही.

मी क्युबातल्या हवाना शहरात बनलेली एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्यात पंचवीस सिगार मावतात. सिगार म्हणजे तंबाखूच्या अख्ख्या पानांची जाड वळकटी. मी काही साधूसंत नाही, हे आधीच सांगते. माझ्या पोटात जे होतं ते माणसाच्या छातीला वाईटच. तुम्ही त्याच्या नादाला लागू नका. पण माल वाईट म्हणून तो वळणाऱ्या हातांवर कुणीही उठून अन्याय करावा, हे मला मान्य नाही.

माझा जन्म अकरा वर्षांपूर्वीचा. कारखान्यात रांगेने बाकं होती. समोर उंच खुर्चीवर एक माणूस मोठ्याने वर्तमानपत्र वाचायचा आणि सगळे हात ऐकत ऐकत पानं वळायचे. तेव्हाही त्या वर्तमानपत्रात हीच बातमी होती, अमेरिका बंदी उठवणार. बायकांनी पान कापायच्या सुऱ्या बाकावर आपटून टाळ्यांसारखा आवाज केला होता. पुढे काय झालं? पाचेक वर्षं पर्यटकांना एखाददुसरी पेटी घरी नेऊ दिलीत, आणि मग तेही बंद केलंत.

मला भरणारी बाई खिडकीपाशी बसायची. तुम्हाआम्हाला सगळ्या सिगार एकाच तपकिरी रंगाच्या दिसतील. तिला त्यात पन्नास रंग दिसत. ती एकेक सिगार उजेडात धरायची आणि माझ्यात अशी लावायची की डावीकडे सगळ्यात गडद, उजवीकडे सगळ्यात फिकट, आणि मधे एकही पायरी चुकायची नाही. ही तिथली रीत आहे. मग माझ्या तळावर कारखान्याची खूण आणि महिना-वर्ष उमटवलं. तो शिक्का म्हणजे माझी जन्मतारीख. मला तिचा अभिमान होता.

तुमच्या बंदरांना वळसा घालून मी सिंगापूरला आले. तिथल्या तुआस बंदराजवळच्या एका गोदामात थंड, दमट खोलीत मला ठेवलं. तिथे मला हिरा भेटली.

हिरा मूळची सिन्नरची. गोदामात मालाचा दर्जा तपासायची नोकरी. घरात ती आणि तिची मुलगी प्रणिता, दोघीच. हिराची आई जन्मभर विड्या वळत होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं पान वळायला तयार झालं की नाही, हे हिरा सात वर्षांची असल्यापासून अंगठ्याने ओळखायची. इथे खोलीच्या भिंतीवर ओलावा मोजायचं यंत्र होतं. तरी दर सोमवारी ती माझं झाकण उघडायची, एका सिगारवर अंगठा हलकेच दाबायची आणि वास घ्यायची.

तिचा मॅनेजर नरेश पुण्याचा. तिच्याहून दहा वर्षांनी लहान. तो हसायचा. "ताई, यंत्र कशाला लावलंय मग?"

"यंत्राला आई नव्हती ना रे," हिरा म्हणायची.

संध्याकाळी घरी गेली की प्रणिता नाक धरायची. हे हिराच नरेशला हसत सांगायची, शेवटी इथल्या लोकांसारखं 'लाह' लावून. "म्हणते कशी, आई, यू स्मेल लाइक ओल्ड अंकल लाह!"

ते माझे चांगले दिवस. पुढे माझ्यावर मळकट तपकिरी कागद चिकटवला, त्यावर सडलेल्या हिरड्यांचं चित्र. इथला कायदाच तसा आहे आणि तो बरोबरच आहे. मी बँका-कचेऱ्यांच्या रॅफल्स प्लेसजवळच्या एका दुकानात गेले. बँकेतल्या एका माणसाने मला विकत घेऊन तिथेच ठेवलं आणि दर शुक्रवारी येऊन माझं पोट रिकामं केलं. शेवटची सिगार संपली तेव्हा त्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी मागच्या कपाटात धूळ खात पडले. तक्रार नाही. पेटीचं आयुष्य असंच संपतं.

पण यंदा पुन्हा तीच बातमी आली, बंदी उठणार. आणि रिकाम्या पेट्यांची अचानक विचारपूस सुरू झाली.

मित्रांनो, कारण समजून घ्या. तिकडे अमेरिकेत हौशी लोक साठ वर्षं ताटकळले आहेत. दार उघडलं की ते तुटून पडणार. आणि क्युबात माल आहे कुठे? वादळात तंबाखू वाळवायची कोठारं आडवी झाली, दिवसदिवस वीज नाही, वळणारे तरुण हात देश सोडून गेले. पान शेतातून निघून सिगार होईपर्यंत काही वर्षं जातात. कुणाच्या सहीने पान लवकर मुरत नाही. म्हणजे मागणी डोंगराएवढी आणि माल मूठभर. त्यातून जुन्या, मुरलेल्या मालाला तर सोन्याचा भाव. अशा वेळी चोराला काय सुचतं?

त्याला मी सुचते. जुनी पेटी, खरा शिक्का, आत नवा माल.

गोदामाच्या मालकाने दुकानादुकानांतून आम्हा चाळीस रिकाम्या पेट्यांना गोळा केलं. नरेशने ओल्या फडक्याने माझ्यावरचा कागद सोलून काढला. मग गेल्या महिन्यात आलेल्या, घाईघाईने वळलेल्या सिगार माझ्यात भरल्या. पोरगा नीटनेटका. सगळ्या सिगारच्या कागदी कड्या एका रेषेत, चित्र वर. एखाद्या इंजिनिअरने लावाव्यात तशा. आणि मी? मला तोंड नाही. माझ्या तळावरची तारीख खरी, पोटातला माल खोटा. एवढी लाज मला त्या धुळीच्या कपाटातही वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी नरेशने मला हिराच्या टेबलावर ठेवलं. सोबत एक छापील कागद. 'माल अकरा वर्षं मुरलेला, स्थिती उत्तम.' खाली सहीची जागा.

हिराने झाकण उघडलं. एकेका सिगारवरून अंगठा फिरवला.

"नरेश, हे कुणी लावलं?"

"का? छान दिसतंय की."

"गडद कुठेय? तिसऱ्या नंबरला गडद, नवव्याला फिकट, मग परत गडद. हवानाची बाई असं लावेल? आणि हे बघ, सगळ्या गोल गोल. अकरा वर्षं एकमेकींना चिकटून झोपल्या असत्या तर अंग थोडं चपटं नसतं झालं?"

नरेशचा चेहरा पडला. मग त्याने आवाज खाली आणला. "ताई, अहो, घेणाऱ्याला काय कळतंय? त्यांनी साठ वर्षं खरी क्युबन सिगार हातात घेतलेली नाही."

"मला कळलं ना."

"तुमचा इथे राहायचा नोकरीचा पास कंपनीच्या हातात आहे, विसरू नका. प्रणिताची यंदा सहावीची मोठी परीक्षा आहे ना?"

तेवढ्यात मालक आत आला. त्याने कागदाकडे बोट दाखवलं. "साइन ओन्ली लाह. व्हाय सो डिफिकल्ट?"

हिराने पेन उचललं. मित्रांनो, त्या क्षणी मी तिला दोष दिला नसता. नोकरी गेली की तीस दिवसांत देश सोडायचा. पोरीची शाळा, परीक्षा, घर, सगळं त्या पेनाच्या टोकावर होतं.

ती नरेशकडे बघून म्हणाली, "माझ्या आईच्या दर हजारातल्या शंभर विड्या कारखानदाराचा माणूस वाईट म्हणून छाटायचा. त्यांची मजुरी नाही. आणि त्याच विड्या संध्याकाळी चांगल्या म्हणून गाडीत जायच्या. आई दारात उभी राहून बघायची. बोलायची नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, मी बोलणार."

तिने मला उलटं केलं. सिगार टेबलावर गडगडल्या. आणि माझ्या तळावर, शिक्क्याच्या शेजारी, पेन दाबून दाबून तिने इंग्रजीत लिहिलं: पेटी जुनी, माल नवा. खाली पूर्ण नाव आणि तारीख.

मालक ओरडला. नरेशने खरवडून पाहिलं, पण लाकूड मऊ असतं, अक्षरं खोल गेली होती. मी निकामी झाले. मला कचऱ्याच्या डब्यात फेकलं आणि हिराला दुपारीच दाराबाहेर काढलं. जाताना ती डब्यापाशी थांबली, मला उचललं आणि सुरक्षारक्षकाला दाखवलं. "कचरा आहे. नेऊ ना?" तो म्हणाला, "टेक, टेक, आंटी."

माझ्या आयुष्यात एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

आता मी त्यांच्या घरी टेबलावर आहे. माझ्यात प्रणिताच्या रंगीत पेन्सिली असतात. मी आले त्याच दिवशी तिने त्या ओतल्या आणि कुणी न सांगता गडद डावीकडे, फिकट उजवीकडे लावल्या. आईने तिला फक्त हकिगत सांगितली होती.

हिराने इथे तक्रार दिली आहे, चौकशी होईल. पण बाकीच्या एकोणचाळीस पेट्यांच्या कागदांवर नरेशने स्वतः सही केली आणि त्या दुसऱ्याच दिवशी गोदामातून निघून गेल्या. कुठल्या तरी बंदरात त्या तुमचं दार उघडायची वाट बघत आहेत. म्हणून हिराने तुम्हालाही पत्र लिहिलं, साहेब, माझ्या तळाचा फोटो जोडून. दोनच प्रश्न विचारले. बंदी उठल्यावर जुन्या पेटीत जुनाच माल आहे हे कोण तपासणार? आणि पान वळणाऱ्या, रंगांप्रमाणे सिगार लावणाऱ्या, खोटी सही न करणाऱ्या बायकांच्या वाट्याला त्यातून काय येणार?

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी हाताने काम करणारं असेल तर त्याच्या बोटांवर विश्वास ठेवा. आणि जुन्या वस्तूला जपायचं असेल तर तिला खोटं बोलायला लावू नका. एवढंच मागणं.

साहेब, तुमच्याकडे मात्र माझं मागणं नाही, जाब आहे. आज तिसातला एकविसावा दिवस आहे. दारात दोन बॅगा भरून उभ्या आहेत. प्रणिता रोज संध्याकाळी आईचा फोन उघडून तुमचं उत्तर आलंय का बघते आणि नकारार्थी मान हलवते. बंदी घालताना तुम्हाला एक सही पुरली होती. तिच्या पत्राला उत्तर द्यायला किती लागतात? बोला, कधी देताय?